ब्लॅकपूलच्या सहलीतला कम्युनिस्ट

हॅगर्टन, रविवार, २६ फेब्रुवारी २०२३

लान्स,

दार उघडलं नाहीस म्हणून हे पत्र फटीतून आत टाकतोय. तू घरातच होतास. खिडकीतून तुझी टोपी दिसत होती, आणि खाली तू नसतास तर ती हलली नसती.

काल मी सांगितलं ते चुकीच्या वेळी सांगितलं, कबूल. कांद्याच्या रोपांना पाणी घालताना 'मी अमेरिकेला कायमचा राहायला जातोय' असं कुणी सांगत नाही. तू झारी खाली ठेवलीस आणि विचारलंस, "कधीपासून चाललंय हे?" मी खरं ते बोललो, "सव्वा वर्ष." खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

केरीनं अर्ज केला तो जुळ्या मुली झाल्यावर. ती आता तिकडची नागरिक आहे, त्यामुळे बापाला बोलावून घेऊ शकते. ती दवाखान्यात नर्स, जावई मालट्रकवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. आणि इकडे मी, जीन गेल्यापासून एका माणसापुरती बटाट्याची भाजी करणारा. तुला हे सगळं ठाऊक आहे. फक्त अर्जाचं ठाऊक नव्हतं.

सांगायचं राहून गेलं, लान्स. आधी तुझ्या डोळ्यांचं निघालं, मग नाताळ आला, मग कांद्याच्या प्रदर्शनासाठी बी पेरायची वेळ झाली. तसं राहून गेलं.

आता माझी अडचण ऐक, कारण ती तूच करून ठेवली आहेस.

मंगळवारी लंडनला वकिलातीत मुलाखत होती. पोलिसांचा दाखला दिला, डॉक्टरनं दोन्ही दंडांत सुया टोचल्या होत्या त्याचा कागद दिला. खिडकीपल्याड एक तरुण बाई होती, फार गोड बोलणारी. कागद चाळता चाळता थांबली.

"मिस्टर मिलबर्न, तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता?"

अर्जात तसा प्रश्न असतो. मी 'हो' लिहिलं होतं. केरी म्हणाली होती, "बाबा, एक अक्षर खोटं लिहू नका, ते शोधून काढतात."

"होतो," म्हटलं. "एकोणीसशे शहात्तर साली. साधारण सात महिने."

"का झालात सभासद?"

"मी झालो नाही, बाईसाहेब. मला केलं गेलं."

मग सगळं सांगितलं. शाखेची ब्लॅकपूलची सहल होती, बस भरायला चाळीस नावं हवी होती आणि तुझ्याकडे एकोणचाळीसच होती. चाळिसावं नाव तू माझं लिहिलंस, कार्ड आणलंस आणि माझ्या खिशात कोंबलंस. म्हणालास, "समुद्र बघ, मासे-बटाटे खा, क्रांतीचं मी बघतो." त्याच बसमध्ये माझ्या शेजारी जीन बसली होती, हेही सांगितलं. बाई हसली, पण काम हसण्यावर होत नाही. म्हणाली, "मला विश्वास आहे तुमच्यावर. पण माझ्या वरिष्ठांना कागद लागेल. तुम्हाला सभासद कुणी केलं, त्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा. ते आहेत का हयात?"

"हयात आहेत," म्हटलं, "पण माझ्यावर रागावणार आहेत."

त्या क्षणी मला कळलं की आता सांगावंच लागणार. म्हणून काल सांगितलं. सही लागते म्हणून सांगितलं, नाहीतर अजूनही सांगितलं नसतं, असं तू म्हणशील. खरं आहे.

वकिलाचं नाव-पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. रागारागानं सही केलीस तरी चालेल.

एडी


हॅगर्टन, मंगळवार, १८ एप्रिल

लान्स,

व्हिसा आला. सकाळी पोरगा पाकीट देऊन गेला. पासपोर्टात माझा फोटो असा आलाय की बघून त्यांनी मला आत कसं घेतलं याचंच नवल.

तुझं प्रतिज्ञापत्र क्लबात बिअर देणाऱ्या ब्रेंडानं दिलं होतं. बिअरचा ग्लास खाली ठेवून पाकीट पुढं सरकवलं. "त्यानं दिलंय. आणि म्हणाला, काही बोलायचं नाही." मी म्हटलं, "मी काही बोललो का?" ती म्हणाली, "तू नाही रे, मी. मला ताकीद दिली आहे त्यानं. मला!" ब्रेंडाला गप्प बसवणारा तू हॅगर्टनच्या इतिहासातला पहिला माणूस.

वकिलानं मला त्याची प्रत दिली. ती मी इतक्या वेळा वाचली आहे की पाठ झाली. "मी, लान्सलॉट चार्ल्टन, वय बहात्तर, निवृत्त खाणकामगार, शपथेवर सांगतो की एडविन मिलबर्न यास पक्षाचा सभासद मी केले. त्यास विचारले नव्हते. तो सभेस एकदाच आला व झोपला. घोरण्यामुळे ठराव दोनदा वाचावा लागला. त्यास कोणत्याही विचारसरणीचे ज्ञान तेव्हा नव्हते व आजही नाही. तो अमेरिकेचे सरकार उलथवेल अशी भीती कुणास असल्यास, त्यास आपली बागेतली खुर्चीसुद्धा सरळ उभी करता येत नाही हे मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे."

आणि शेवटची ओळ. "माणूस प्रामाणिक आहे. उशिरा, पण आहे."

ते 'उशिरा' वाचून मी वकिलाच्या जिन्यावर जरा वेळ बसलो.

मी दोन मेला निघतोय. आदल्या गुरुवारी क्लबात सगळ्यांना भेटणार आहे. ये. बोलू नकोस हवं तर. कोपऱ्यात बसून ये-जा करणाऱ्यांकडे रागानं बघ, एरवी बघतोस तसं. कुणाला फरक कळणार नाही.

एडी


पॉपलर रन, ओहायो, गुरुवार, ११ मे

लान्स,

आला नाहीस. ठीक आहे.

इथं पोचलो. सगळं उत्तम आहे. घर मोठं, जुळ्या गोड, जावई लायल सज्जन माणूस. कमी बोलतो, पण जे बोलतो ते 'नक्कीच' असतं. चहा घेणार? नक्कीच. पाऊस येईल का? नक्कीच.

पहिल्याच दिवशी चहावरून पंचाईत झाली. या घरात किटली नव्हती. केरी इथं जन्मलेल्यांसारखी झाली आहे, कपात पाणी घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवते आणि वर पिशवी सोडते. मी तो कप हातात धरून बसलो. चेहऱ्यानं सगळं सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी लायल सत्तर मैल जाऊन किटली घेऊन आला. आता इथल्या तारांतून वीज इतकी सावकाश येते की किटली चालू करून मी जुळ्यांना आंघोळ घालतो, कपडे घालतो, आणि मग परत येईतो तिला जेमतेम गुणगुणायला सुचलेलं असतं.

परवा दुकानात गेलो. गल्ल्यावरची पोरगी म्हणाली, "कसे आहात आज?" मला वाटलं विचारतेय. म्हणून सांगितलं. गुडघा, विमानातले आठ तास, रात्री अडीचला उघडणारे डोळे. पोरगी बिचारी ऐकत राहिली. मागे सहा माणसं. घरी आल्यावर केरीनं कपाळाला हात लावला.

"बाबा, त्याला उत्तर द्यायचं नसतं!"

"मग विचारतात कशाला?"

"बरं वाटावं म्हणून!"

"कुणाला?"

पण आज परत गेलो तर तीच पोरगी म्हणाली, "गुडघा कसा आहे?" तर बघ.

ब्रेड गोड लागतो. एवढंच काय ते वाईट.

एडी


पॉपलर रन, बुधवार, २८ जून

लान्स,

तू हसावंस म्हणून हे लिहितोय. मी वाहन परवान्याच्या परीक्षेत नापास झालो.

मी. ज्यानं अडतीस वर्षं बसडेपोत इंजिनं उघडली, ज्यानं बर्फात दुमजली बस मागे घेत टेकडी उतरवली, तो.

परीक्षक म्हणजे बारीक मिशीचा, अतिशय नम्र गृहस्थ. "बसा," म्हणाला. मी दार उघडून बसलो, पट्टा लावला, आणि वाट बघत राहिलो. तोही बाहेर वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं खिडकीत वाकून म्हणाला, "सर, मी चालवू का? माझी हरकत नाही, पण मग परवाना मलाच मिळेल."

स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला असतं, लान्स. मला ठाऊक होतं. माझ्या पायांना ठाऊक नव्हतं.

शंकूंमधून गाडी पुढे-मागे काढायची असते, ती मी अशी काढली की त्यानं वहीत काही लिहायचं सोडून नुसतं बघितलं. मग रस्त्यावर आलो, डावीकडे वळलो, आणि आयुष्यभराच्या सवयीनं डाव्या बाजूला शिरलो; इथं गाड्या उजवीकडून जातात. समोरून सिमेंटचा ट्रक आला. ट्रकवाला काय बोलला ते काचेमुळे ऐकू आलं नाही.

परीक्षक गाडीतून उतरताना म्हणाला, "सर, शंकूंमध्ये तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. बाकी सगळं पुढच्या महिन्यात बघू."

लायलनं संध्याकाळी विचारलं, "पुन्हा देणार ना?" मी म्हटलं, "नक्कीच." तेव्हा तो पहिल्यांदा खदखदून हसला. त्याला वाटलं, मी त्याची नक्कल करतोय. करतच होतो.

कांदे कसे आहेत? हिवाळ्यात बागेतल्या नळाशी पडलेली भेग बुजवलीस का? मी तुला विचारत नाही आहे, कांद्यांना विचारतोय.

एडी


पॉपलर रन, रविवार, १० सप्टेंबर

लान्स,

आज प्रदर्शनाचा दिवस. तुमच्याकडे आता दुपार झाली असेल, वजनकाट्याभोवती गर्दी असेल आणि तू हात मागे बांधून, आपलं काहीच नाही अशा चेहऱ्यानं उभा असशील. पस्तीस वर्षांत आज पहिल्यांदा मी तुझ्या डाव्या बाजूला नाही.

पाच पत्रं झाली हे धरून. आजपर्यंत सगळं उत्तम आहे असं लिहीत आलो. ते सगळं खरं नव्हतं.

काल घराबाहेर पडलो आणि नुसता चालत सुटलो. इथं पायवाट नाही, रस्ता आणि मका, एवढंच. अर्ध्या तासानं पोलिसांची गाडी हळूच शेजारी आली. काच खाली झाली. आत एक जाडजूड पोरगा.

"सर, सगळं ठीक ना? गाडी बंद पडली का?"

"नाही. चालतोय."

"कुठं?"

"कुठं नाही."

तो घाबरला. म्हाताऱ्याला कुणीतरी घराबाहेर काढलंय असं वाटलं असावं त्याला. "घरी फोन करण्यासारखं कुणी आहे का?" म्हणाला.

आणि लान्स, माझ्या तोंडात तुझं नाव आलं. केरीचं नाही, तुझं. चार हजार मैलांवरचा माणूस, जो माझा फोन घेत नाही. मी केरीच्या घराचा पत्ता सांगितला. त्यानं मला गाडीतून घरी सोडलं. केरी दारात उभी राहून रडली आणि मग मला ओरडली. लायल म्हणाला, "मीही येत जाईन चालायला." ट्रक घेऊन चार दिवस बाहेर असतो तो, पण म्हणाला.

तर आता खरं सांगतो. तुला सांगायचं राहून गेलं नव्हतं. सव्वा वर्ष दर गुरुवारी तुला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यूकॅसलला घेऊन जायचो, पंचेचाळीस मिनिटं जाताना, पंचेचाळीस येताना. दर गुरुवारी ठरवायचो, आज सांगायचं. आणि गप्प बसायचो. कारण तू 'जाऊ नको' म्हणाला असतास तर मी गेलो नसतो. मला माझ्या मुलीकडे जायचं होतं, लान्स. फार जायचं होतं. म्हणून तुला संधीच दिली नाही.

हा भित्रेपणा होता. तू लिहिलंस तसा प्रामाणिक मी नाही. निदान उशिराचा तरी आहे.

आता गुरुवारी कोण नेतं तुला?

एडी


पॉपलर रन, सोमवार, १६ ऑक्टोबर

लान्स,

तुझं उत्तर नाही, पण मागच्या पत्रानंतर मला हलकं वाटतंय, त्यामुळे तुझा राग तू आणखी ठेव, मला चालेल.

बातमी अशी की मला नोकरी लागली. ऊठ खुर्चीतून. एकोणसत्तराव्या वर्षी!

परवाना मिळाला ऑगस्टमध्ये. गेल्या महिन्यात शाळेची पिवळी बस आमच्या कोपऱ्यावर बंद पडली. चालकीण उतरून टायरला लाथा घालत होती. पुढचं झाकण उघडायला लावलं, कान लावला, आणि तिला सांगितलं की पंपाचा पट्टा गेलाय, टायरनं काही केलेलं नाही. तिनं डेपोत सांगितलं. दोन दिवसांनी डेपोचा मुख्य माणूस घरी आला, टोपी हातात घेऊन. नाव वर्डेल, पोट आपल्या ब्रेंडाच्या पिंपाएवढं. म्हणाला, "ऐकलं, तुम्हाला इंजिनं ऐकू येतात."

आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहा ते अकरा. सव्वीस पिवळ्या बस आहेत, लान्स. सव्वीस! प्रत्येकीचा खोकला वेगळा. डेपोतली सगळी पोरं मला 'सर' म्हणतात, माझ्या बोलण्यातलं त्यांना अर्धं कळतं आणि उरलेलं फार विद्वत्तेचं असावं असं त्यांना वाटतं. एकानं विचारलं, "तुम्ही स्कॉटलंडचे का?" मी म्हटलं, "पुन्हा असं विचारलंस तर पाना फेकून मारीन." त्यानं जाऊन सगळ्यांना सांगितलं की मी स्कॉटलंडचाच आहे.

शुक्रवारी वर्डेलनं माझ्यासाठी कुठून तरी खास विलायती चहा मागवला. त्यात संत्र्याची साल होती. मी प्यालो. दोन कप.

आता मुद्द्याचं. लायलनं बघितलं. नुसतं पाहुणा म्हणून यायचं असेल तर व्हिसा लागत नाही, एक साधा परवाना घरबसल्या काढायचा, आणि त्यात कम्युनिस्ट पक्षाचा प्रश्नच नाही. तुझ्यासारखा, ठराव स्वतः लिहिणारा सभासदसुद्धा येऊ शकतो. पासपोर्ट तेवढा लागेल, जो तू उभ्या आयुष्यात काढला नाहीस, कारण 'स्कॉटलंडपर्यंत तो लागत नाही आणि त्यापलीकडे काही नाही.'

वसंतात ये. मागची खोली रिकामी आहे. लायलनं मागच्या अंगणातली हिरवळ बारा फूट लांब खणून दिली आहे, आणि ती काळी भुसभुशीत माती बघून मला एकट्याला काही सुचत नाही.

एडी


हॅगर्टन, रविवार, १९ नोव्हेंबर

एडी,

हे मी स्वतः लिहितोय. मोठ्या अक्षरांना हसू नकोस. ऑक्टोबरच्या शेवटी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, डाव्याची येत्या जानेवारीत.

उत्तर का दिलं नाही, तर आधी रागावलो होतो म्हणून. नंतर दिसत नव्हतं म्हणून. मे महिन्यापासून तुझं अक्षर मला मुंग्यांच्या रांगेसारखं दिसायला लागलं. तिकडून आलेलं पहिलं पत्र मी ब्रेंडाकडे नेलं आणि म्हटलं, हळू वाच. तिला हळू वाचता येतं का? सगळ्या क्लबानं ऐकलं. मग ठरूनच गेलं. तुझं पत्र आलं की रविवारी दुपारी तीनला, भाजलेल्या मांसाच्या जेवणानंतर. सिमेंटच्या ट्रकच्या वेळी बसायला खुर्च्या उरल्या नव्हत्या. टॉमीनं विचारलं, 'पुढचं कधी?' मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी त्याच्याशी बोलत नाही.

सप्टेंबरचं पत्रही तिनं वाचायला घेतलं. 'आता खरं सांगतो' इथं आली आणि थांबली. चष्मा पुसला. मग म्हणाली, 'हे फक्त लान्ससाठी आहे.' आणि सगळे उठून बिलियर्डच्या खोलीत गेले, एडी. वीस-बावीस माणसं, आपापला ग्लास घेऊन. दार लावून घेतलं. उरलेलं तिनं मला कानाशी वाचून दाखवलं.

तू ठरवलंस की मी 'जाऊ नको' म्हणालो असतो. मला न विचारता ठरवलंस, पक्षाच्या कार्डासारखं, त्यामुळे फिटंफाट झाली. ऐक. म्हणालो असतो. एक आठवडाभर म्हणालो असतो, रोज, आणि तुला नको नको केलं असतं. आणि मग तुझी बॅग मीच भरून दिली असती, कारण तुला घडी घालता येत नाही. तो आठवडा तू माझ्याकडून काढून घेतलास. राग त्याचा होता. आता नाही.

गुरुवारी पस्तीस नंबरच्या बसनं जातो. सगळे चालक मला ओळखतात आणि तुझी चौकशी करतात. त्यांना पिवळ्या बसबद्दल सांगितलं तर म्हणतात, आमच्याही खोकतात, त्याला म्हणावं परत ये. मी म्हटलं, तो कामात आहे.

कांदे यंदा तिसरे आले. एकट्यानं तिसरं येणं म्हणजे वाईट नाही, असं लोक म्हणाले.

काल मुख्य रस्त्यावरच्या दुकानात जाऊन पासपोर्टचा फोटो काढला. ब्रेंडा बरोबर होती, तिनं टोपी काढायला लावली. फोटो काढणारी पोरगी म्हणाली, "काका, हसायचं नाही हं. हसलेला फोटो चालत नाही."

मी म्हटलं, "पोरी, मी त्याचा बहात्तर वर्षं सराव करतोय."

तरी चारदा काढावा लागला.

लान्स